उभी बाटली, आडवी बाटली

दिवाळीआधी फडताळ आवरताना बरण्यांच्या मागे वाइनची एक बाटली सापडली. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं वास्तुशांतीला आणलेली, नाशिकचीच, पांढऱ्या द्राक्षांची. आमच्याकडे कुणी घेत नाही, पण प्रेमानं दिलेली वस्तू टाकायची कशी, म्हणून चार वर्षं ती तिथं उभी होती. शिवाय ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’ हे सिनेमे बघून डोक्यात पक्कं बसलेलं! भाऊबीजेला भाचा आला आणि त्यानं ती उघडली. रंग कोऱ्या चहासारखा, वास शिरक्याचा. ‘‘मावशी, ही तर गेली,’’ म्हणाला. वर मलाच विचारतो, ‘‘बुचाची बाटली होती, आडवी का नाही ठेवलीस?’’

मला हसूच फुटलं. बाटली आडवी करण्यात माझी काही वर्षं गेली आहेत! गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर महिलांचं मतदान होतं ना, त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आम्ही दारोदार फिरून ‘आडवीवर शिक्का मारा गं बायांनो’ सांगायचो. वाइनवाल्यांची आडवी बाटली वेगळी. बूच ओलं राहावं म्हणून ती निजवून ठेवायची. बूच वाळलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाइनचा शिरका व्हायला लागतो.

असो. पण ही ‘जुनी तितकी भारी’ समजूत किती खोटी आहे, ते मी नंतर वाचलं. जगात बनणारी बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असते. वर्षानुवर्षं टिकते ती थोडीच. त्यासाठी द्राक्षात आंबटपणा हवा, सालीचा तुरटपणा हवा, आणि बाटली बारा-पंधरा अंश तापमानात, अंधारात राहायला हवी. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हानं द्राक्षात साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो. म्हणजे ज्याच्या जोरावर टिकायचं, तेच आधी कमी. त्यातून दुकानात बाटल्या ट्यूबलाइटखाली उभ्या, आणि दुपारी लाइट गेलेली.

आणि मोठमोठ्या जाणकारांचेही अंदाज चुकतात बरं का! फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यानंतरच्या या महागड्या बाटल्या पंधरा-वीस वर्षं मुरतील म्हणून लोकांनी तळघरात जपून ठेवल्या. सात-आठ वर्षांनी उघडल्या तर कितीतरी बाटल्या तपकिरी पडलेल्या. बूच वाईट होतं, गंधकाचं प्रमाण कमी घातलं की रस काढायची पद्धत बदलली, यावर वाद अजून चालूच आहे. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या यात गेल्या त्यांना बाटलीचं भविष्य सांगता येत नाही, तर धंद्याचं भविष्य छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर आपण किती विश्वास ठेवायचा?

हे मी उगाच म्हणत नाही. माझी मामेबहीण निफाड तालुक्यात दिलेली. २००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनरींना करात सवलती दिल्या, नाशिकमध्ये विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. ‘भारतीय माणूस आता वाइन पिणार, दर वर्षी मागणी वाढतच जाणार’ असं जो तो सांगत होता. बहिणीच्या घरी थॉमसनची बाग होती. त्यातला दीड एकर काढून त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. वाइनरीचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला, भाव बोलून गेला. बोलूनच हं, कागद नाही.

मग २००८ उजाडलं. जगभर मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, आणि वाइन खपायची मुख्य जागा तर तीच. नारायणगावची इंडेज कंपनी, जिनं १९८०च्या दशकात या धंद्याचा पाया घातला, तीही कर्जात बुडाली. बहिणीच्या वाइनरीत गेल्या हंगामाचा माल तसाच टाक्यांत होता. टाकी रिकामी नाही, तर नवा रस ओतणार कुठं? द्राक्षं वेलीवर तयार, आणि फोन उचलायला कुणी नाही. शेवटी निम्म्याहून कमी भावात माल गेला, त्याचेही पैसे दोन वर्षं लटकले. खाण्याचं द्राक्ष असतं तर बाजारात नेलं असतं, नाहीतर बेदाणा केला असता. पण शिराझ म्हणा, कॅबर्ने म्हणा, मणी बारीक, साल जाड, आत बिया. ते कोण खाणार? बाग तोडताना बहीण रडली नाही, पण तिनं मांडवाच्या तारा स्वतः गुंडाळल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

वाइन टाकीत पडून खराब झाली तर कंपनीचं नुकसान होतं, त्याची नोंद ताळेबंदात होते. वेलीवर खराब झालेल्या द्राक्षाची नोंद कुठं होते?

आता पुन्हा भविष्य सांगायचे दिवस आलेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, द्राक्ष बागायतदाराच्या भल्यासाठी म्हणे. केवढा गदारोळ झाला! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि विषय मागे पडला. मीही तेव्हा विरोधातच होते आणि आजही आहे. साबण-तांदळाच्या शेजारी बाटली आली की घरातल्या पोरांना ती साबण-तांदळासारखीच वाटणार. पण खरं सांगू, बहिणीनं तेव्हा मला फोनवर सुनावलं होतं, ‘‘तुमची बाटली आडवी होते तेव्हा आमची बागही आडवी होते, ते कधी बघितलंस?’’ मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

मात्र एक दिसतं. दुकानं वाढवली तरी खप सांगता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकच्या सुला कंपनीचे शेअर ३५७ रुपयांना विक्रीला आले, पुढं जवळपास दुपटीला गेले आणि २०२५ मध्ये मूळ किमतीच्याही खाली उतरले. जगातही तीच रड आहे. २०२४ मध्ये जगभरात वाइनचा खप १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता. तरुण मंडळी कमी पितात, महागाई आहे, उष्णतेनं पिकं बिघडतात. २०२३ मध्ये तर फ्रान्स सरकारनं जादा वाइन नष्ट करायला, म्हणजे तिचं सॅनिटायझर-अत्तरासाठी अल्कोहोल करायला, सुमारे २० कोटी युरो बाजूला ठेवले. फ्रान्समध्ये! आणि ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानं डिसेंबर २०२२ पासून तिथल्या ठरावीक किमतीवरच्या वाइनचं आयात शुल्क उतरायला लागलंय, ते टप्प्याटप्प्यानं आणखी उतरणार. परदेशात न खपलेली बाटली मग कुठं येणार, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. माझी तर कला शाखेची आहे.

मैत्रिणींनो, हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बहिणीचा मुलगा. ऑक्टोबर छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आणि औषधांचा खर्च याला तो कंटाळलाय, आणि पुन्हा वाइनची द्राक्षं लावायची म्हणतोय. खाण्याच्या द्राक्षापेक्षा मजुरी कमी लागते, हे त्याचं म्हणणं खरंही आहे. पण कलम भरल्यावर पीक हाताशी यायला दोनेक वर्षं जाणार आणि बाग बारा-पंधरा वर्षांची. बहिणीनं विचारलं, ‘‘तू पेपर वाचतेस, तूच सांग, लावू का?’’

मी म्हटलं, भाव कागदावर घे, आणि पैसे किती दिवसांत देणार तेही. माल उचलला नाही तर काय, तेही लिहून घे. आणि हंगाम जानेवारीत सुरू होतो, तर डिसेंबरात जाऊन त्यांच्या टाक्या बघून ये, किती भरलेल्या आहेत आणि किती रिकाम्या.

‘‘बायकांना टाक्या कोण दाखवतंय?’’ ती म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. भाच्यालाही ये म्हटलंय, त्याला बाटलीतलं कळतं.