देवणीचा बैल आणि प्रेक्षकांची खानेसुमारी

1 नोव्हेंबर 1956 रोजी निजामी अमदानीतील जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि औराद, भालकी, हुमनाबाद यांसह खुद्द बिदर म्हैसूर राज्यात गेले, आणि ही वाटणी दफ्तरांतून यथासांग नोंदली गेली. परंतु ज्या गोवंशाच्या बळावर या साऱ्या मुलुखाची काळी जमीन पिढ्यानपिढ्या नांगरली गेली, त्या देवणी जातीच्या बैलांची वाटणी कोणत्याच सरकारला करता आली नाही. देवणी हे गाव बिदरकडून पाहता सीमेपलीकडे, मुंबई राज्यात राहिले. जनावरे, त्यांची पारख आणि त्या पारखीची मराठी ही सीमेच्या दोन्ही अंगांना राहिली.

आता असे समजा की, औराद तालुक्यातील चिंताकी गावच्या एखाद्या तरुणाने हाती असलेल्या मोबाईलवर या बैलांविषयी यूट्यूबचे एक लहानसे चॅनेल सुरू केले. त्याची पहिली दृष्टी सबस्क्राइबरांच्या आकड्यावर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे अशी अट यूट्यूबने 2018 मध्ये घातली. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. दर खेपेस माणूस सरासरी चार मिनिटे थांबला, तर साठ हजार वेळा व्हिडिओ पाहिला जावा लागतो. हा हिशेब एकदा मांडून बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. रोज उठून तो पाहणाऱ्याचे चित्त बैलावरून उडते आणि शेजाऱ्याच्या चॅनेलवर जडते.

ज्या नोंदीकडे पुनःपुन्हा वळावे ती निराळी आहे. 2012 मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचविताना केवळ किती वेळा उघडला हे न पाहता किती वेळ पाहिला गेला यास प्राधान्य दिले, आणि तेव्हापासून ॲनालिटिक्समधील प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख हा लहान निर्मात्याचा खरा गुरू ठरला आहे. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण उरले, हे तो सांगतो. रेषा जेथे एकाएकी खाली येते तेथे लोक उठून गेले किंवा पुढे सरकले, आणि जेथे ती उंचावते तेथे त्यांनी तोच भाग परत पाहिला, असे समजावे. आपल्या तरुणाने आरंभी दोन मिनिटे गणेशवंदन, गावाची ओळख आणि सबस्क्राइब करण्याची विनंती यांत घालविली, आणि पुढे सर्वांग पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळेपणा असलेला तो वानेरा, अंगावर काळे ठिपके विखुरलेला तो शेवरा, हा भेद प्रत्यक्ष जनावर उभे करून दाखविला, तर रेषा कोठे पडेल आणि कोठे उभी राहील हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढल्या खेपेस वानेरा पहिल्या दहा सेकंदांत गोठ्याबाहेर यावा.

मात्र लहान चॅनेलवाल्याने टक्केवारीस फार जपून वागवावे. थंबनेल पन्नास जणांपुढे आले आणि दोघांनी उघडले तर चार टक्के. तिसऱ्या कुणी उघडले की लगेच सहा. निम्म्या चॅनेलांचे हे प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असते असे यूट्यूबच सांगते, तेव्हा एका मावसभावाच्या बोटाने घडलेल्या चढउतारावरून विषय बदलणे हा उतावीळपणा होय. दहाबारा व्हिडिओंची नोंद एकत्र वाचावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

शोधून आलेल्यांनी कोणते शब्द टंकले, याचाही तक्ता मिळतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. कुणी 'देवणी' लिहितो, कुणी 'देवनी', कुणी याच जातीस 'डोंगरी' म्हणतो. आपला प्रेक्षक आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतो हे तेथे कळते, आणि ती नावे शीर्षकात व वर्णनात यावीत. परंतु हिंदीत बोलल्यास आकडा वाढेल, या मोहास तरुणाने बळी पडू नये, असे मी कळकळीने म्हणतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी 2020 मध्ये नातवाच्या साहाय्याने 'आपली आजी' या चॅनेलवर स्वयंपाक दाखविला तो आपल्या घरच्या मराठीत, आणि लाखो लोक त्यांना जोडले गेले. औरादची मराठी कानडी आणि दखनीच्या शेजारात वाढली आहे. तिचा हेल ऐकून उदगीर-देगलूरचा शेतकरी थांबतो, की आणखी कोणी, हे आकड्यांनी सांगावे. तो हेल पुसावा की नाही, हे त्यांनी ठरवू नये.

आणि एक नोंद या खानेसुमारीत कधीच येत नाही. गावात सायंकाळी पारावर एकाच्या हातातील मोबाईल पाच जण वाकून पाहतात, आणि यूट्यूबच्या खतावणीत तो एकच प्रेक्षक मांडला जातो. उरलेल्या चौघांकडे जाऊन, नेमके कोठे कंटाळलात आणि काय परत पाहावेसे वाटले, हे त्या तरुणाने पारावरच बसून विचारावे.