उमेदवारी दुसऱ्याच्या पेढीवर

गेल्या उन्हाळ्यात उदगीरच्या मोंढ्यातील एक परिचित आडते सायंकाळी घरी आले. त्यांचा मुलगा वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्या वर्षाला होता. हातात महाविद्यालयाचा छापील नमुना होता. "सर, यावर आमच्याच दुकानाचा शिक्का मारला तर चालेल ना? मुलगा तसाही सुटीत गादीवर बसतोच," त्यांनी सहज विचारले. नियमात बसेल की नाही, हे महाविद्यालय ठरवील. परंतु ते मुलाच्या हिताचे आहे काय, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर शिक्षणाची मांडणी बदलली आहे. दोन वर्षे, चार सत्रे आणि एकूण ८८ श्रेयांक. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती हा विषय; दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांचे ४ श्रेयांक; तिसऱ्या व चौथ्या सत्रांत मिळून संशोधन प्रकल्पाचे १० श्रेयांक. म्हणजे वर्गाबाहेर पडून शिकण्याची वाट अभ्यासक्रमातच आखलेली आहे. त्या वाटेने चालायचे की नुसता शिक्का मारून मोकळे व्हायचे, हे मात्र विद्यार्थ्याच्या आणि घराच्या हाती आहे.

व्यापारी घराण्यांना हा विचार नवा नाही. पूर्वीची जाणती माणसे मुलाला गादीवर बसविण्यापूर्वी दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला ठेवीत. त्यामागे व्यवहार होता. स्वतःच्या दुकानात मुनीम मुलाला 'छोटे शेठ' म्हणतात आणि त्याची चूक गुपचूप दुरुस्त करतात. परक्या पेढीवर चूक चूकच राहते. तिचा जाब द्यावा लागतो. आज सनदी लेखापालाचे कार्यालय, सहकारी बँकेचा कर्जविभाग, डाळ मिल किंवा वखार महामंडळाचे गोदाम ही त्या उमेदवारीची ठिकाणे आहेत.

यासाठी प्रवेशाच्या महिन्यातच आई-वडील आणि पाल्य यांनी एकत्र बसून एका कागदावर चार सत्रांची आखणी करावी. पहिल्या सत्रात आपली उणीव ओळखावी: इंग्रजी लेखन, संगणकावरील हिशेब किंवा चारचौघांत बोलण्याचा संकोच. दुसऱ्या सत्राच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने आधी अर्ज करावेत आणि ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावेत. वडिलांच्या ओळखीचा दूरध्वनी हा शेवटचा उपाय असावा. तिसऱ्या सत्रात प्रकल्पाचा विषय ठरवताना आपल्या दुकानाकडे जरूर वळावे. मोंढ्यातील तुरीची आवक आणि भाव, गोदाम पावतीवरील कर्ज, उधारीची वसुली, असे किती तरी विषय आपल्या जुन्या वह्यांत पडून आहेत. ज्यांना अध्यापनाकडे जायचे आहे, त्यांनी नेट आणि सेट या परीक्षांचा अभ्यास दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच सुरू करावा. नेट साधारणतः जून आणि डिसेंबर सत्रांसाठी होते आणि पदव्युत्तर अंतिम वर्षाचे विद्यार्थीही तिला बसू शकतात.

शिक्षण चालू असतानाच पुढची पायरी कशी रचावी, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तेथील चर्चासत्रात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध पुढच्याच वर्षी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तेव्हा त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसा साठविला, काही उसना घेतला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. वर्गात लिहिलेला निबंध त्यांनी वर्गापुरता ठेवला नाही आणि खंड पडला तेव्हा आखणी मोडू दिली नाही.

एक गोष्ट कन्यांच्या पालकांना आवर्जून सांगावीशी वाटते. पदव्युत्तर शिक्षणाच्या याच दोन वर्षांत घरात स्थळांची बोलणी सुरू होतात आणि "परगावी कशाला?" या एका प्रश्नात मुलीचे प्रशिक्षण पहिल्यांदा रद्द होते. मुलाचा शिक्का खोटा ठरतो, तसा मुलीचा कागद कोराच राहतो. चार सत्रांची आखणी लेखी असेल, तर ती भावी सासरच्यांसमोरही ठेवता येते. काय पूर्ण झाले आणि काय उरले, हे तेव्हा आर्जवाने नव्हे, हिशेबाने सांगता येते.

त्या आडत्यांनी नमुना कोराच परत नेला. मुलगा लातूरला एका लेखापालांकडे राहिला. पहिले आठ दिवस नुसती बिले तारीखवार लावावी लागली, म्हणून त्याने घरी कुरकुर केली. पुढे त्याने केलेली नोंद लाल शाईने दोनदा परत आली. पर्युषणात तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, प्रकल्प आमच्या दुकानावरच करणार आहे. पण आधी मुनीमजींजवळ बसून जुन्या वह्या समजून घ्यायच्या आहेत." इतकी वर्षे तो त्याच मुनीमजींच्या शेजारी बसत होता, विचारावे असे मात्र त्याला परक्या दारी राहून आल्यावरच वाटले.