बालसाहित्यातील दुष्ट मूल : पूर्वपक्ष आणि उत्तर

मुलांच्या पुस्तकात दुष्ट मूल असू नये, कारण वाचणारी मुले त्याचे अनुकरण करतात, हा पूर्वपक्ष पैठणच्या परंपरेपुढे टिकत नाही. संत एकनाथांच्या गौळणींत, म्हणजे गोपींच्या तोंडी घातलेल्या कृष्णलीलेच्या पदांत, बाळकृष्ण खोड्या करतो, चोरून लोणी खातो आणि तरीही लाडका राहतो. ही पदे लहानथोरांनी एकत्र बसून ऐकली, आणि पैठणला एकनाथांच्या स्मरणार्थ होणाऱ्या नाथषष्ठीच्या उत्सवाची सांगता आजही फाल्गुन वद्य अष्टमीला काल्याच्या दहीहंडीनेच होते. त्यामुळे चोरीला कोणी सदाचार मानू लागले नाही.

मात्र एवढ्यावर वाद जिंकला असे समजणारे समर्थकही चुकतात. बाळकृष्ण खोडकर आहे. दुसऱ्याला इजा व्हावी असा हेतू मनात धरणारे मूल पाहायचे, तर महाभारताच्या आदिपर्वाकडे वळावे लागते. तेथे दुर्योधन भीमाला अन्नातून विष घालतो आणि वेलींनी बांधून गंगेत लोटतो. मुलांसाठी केलेल्या संक्षेपांत हा प्रसंग ठेवून त्याआधीचा गाळला, तर फार मोठे नुकसान होते. भीम कौरवांना केस धरून फरफटवीत असे, पाण्यात दाबून धरीत असे, ते फळांसाठी झाडावर चढले की झाड हलवून त्यांना खाली पाडीत असे. हे तो द्वेषाने नव्हे, पोरपणाने करीत असे, असे मूळ ग्रंथ सांगतो, पण ज्यांच्या नाकातोंडात पाणी जात होते त्यांना हा भेद कसा कळावा? भीमाचे हे बळ पाहूनच दुर्योधनाच्या मनात वैर रुजते. ते मूळ कापले की उरतो तो जन्मजात दुष्ट पोरगा, आणि असे पात्र मुलांना माणसाविषयी काहीच शिकवत नाही.

खरा दोष आहे तो या कारणहीन दुष्टपणात. विल्हेल्म बुश यांच्या 1865 च्या जर्मन पुस्तकातील माक्स आणि मोरित्स ही दोन खोडकर मुले गिरणीत दळली जातात. खोड्यांची यादी आणि शिक्षा यांपलीकडे त्यांच्या मनाचा ठाव लागत नाही. उलट साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (1935) पोहणे टाळून लपणाऱ्या श्यामची भीती आतून कळते, म्हणून आईचा मारही कळतो.

कारण सांगणे म्हणजे अपराधाचे समर्थन करणे, असा आक्षेप यावर येतो. तो ग्राह्य नाही: महाभारत भीमाचा दांडगेपणा लपवीत नाही आणि त्यासाठी दुर्योधनाला विषाची माफीही देत नाही.