फवारणीचें यंत्र व चालकाचें भान

मीरा-भाईंदरच्या शांतीनगरासारख्या वस्तींत राहून गांवची जमीन राखणारे आमचे कांहीं वाचक आतां फवारणी ड्रोनकडून करवितात. काम आटोपल्यावर ते एकच प्रश्न विचारतात: एकर किती झाले? आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे.

सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध मारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पाठीवरचा पंप उतरला म्हणजे माणूस विषापासून दूर होतो. म्हणून ड्रोनचें आम्ही स्वागतच करतों. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १५,००० महिला बचत गटांकरितां 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. तींत १५ दिवसांचें शिक्षणही ठेविलें. परंतु यंत्र, चालिका व बांधावरील मदतनीस या तिघांस ठाऊक असणाऱ्या गोष्टी निरनिराळ्या असतात. यंत्रास आपली उंची व जागा कळते; वारा शेजारच्या विहिरीकडे फिरला, किंवा कपाशीआड कोणी निंदणीस बसलें आहे, हें मदतनीसास दिसतें; चालिकेचे डोळे मात्र बहुधा पडद्यावर खिळलेले असतात.

हें भान मोजतां येतें. अमेरिकेंतील संशोधिका मायका एंड्स्ली यांनीं १९८८ सालीं वैमानिकांच्या सरावाकरितां एक रीत मांडली: सराव मध्येंच थांबवावा, पडदे झांकावे, प्रश्न विचारावे आणि उत्तरें वस्तुस्थितीशीं ताडून पाहावीं. काय दिसतें, त्याचा अर्थ काय, व पुढें काय होईल, अशा प्रश्नांच्या तीन पायऱ्या. "मला सर्व कळत होतें" या ग्वाहीवर येथें विसंबावें लागत नाहीं. पुढें माणूस व यंत्रमानव यांच्या जोडकामासही ही रीत लावण्यांत आली.

आमची सूचना अशी कीं, शिक्षणकाळीं टाकींत साधें पाणी भरावें, आणि बॅटरी बदलण्यास यंत्र उतरलें कीं चालिका व मदतनीस यांस वेगवेगळें विचारावें: टाकींत किती उरलें? वारा कोणीकडून? रानांत माणसें कोठें? पुढच्या फेरींत तुषार कोणाच्या बांधावर जातील? दोघांचीं उत्तरें परस्परांशीं जुळलीं, पण वस्तुस्थितीशीं जुळलीं नाहींत, तर धोका अधिकच. कारण मग चूक दाखविणारा कोणी उरत नाहीं.

यांत वेळ मोडेल, असें कोणी म्हणेल. पण चार प्रश्नांस फार वेळ लागत नाहीं. सहकारी संस्थांनीं या उत्तरांची नोंदवही ठेवावी, व जमीनधारकांनीं भाडें ठरवितांना ती पाहावयास मागावी. जे गांवापासून दूर राहतात त्यांनीं तर ती अवश्य मागावी. त्यांच्या शेतांत विष पडतें तेव्हां राखण दुसऱ्याच्याच भानावर असते.