ढालीवरचे नाव

गोंडपिपरीच्या आकाशातून विमाने जातात. हिवाळ्याच्या सकाळी धानाच्या बांध्यांवर धुके उतरलेले असते आणि त्याच्या कितीतरी वर, निळ्या पाटीवर कोणी खडूने ओढावी तशी, एक पांढरी रेघ हळूहळू उमटत जाते. शाळकरी पोरे अजूनही तिच्याकडे पाहून हात हलवतात. आता चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करीत येणारी एस. टी. सुद्धा पुष्कळदा आमच्याकरिता नसते, पुढे आष्टी-अहेरीला जाणाऱ्यांकरिता असते. तेथे विमानाने थांबावे अशी अपेक्षा कोण करील? अशा गावात राहून गेले वर्षभर मी विमानांच्या मागे लागलो होतो असे सांगितले, तर वाचकांना हसू येईल. आमच्या घरात ते केव्हाच येऊन गेले आहे.

प्रकरण सुरू झाले ते तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांमुळे. हे हवाई दलात विमानांची इंजिने दुरुस्त करीत. १९७१ च्या लढाईत पूर्वेकडच्या एका तळावर होते. निवृत्त होऊन गावी आले, शेती पाहू लागले, आणि एक दिवस धोतराच्या सोग्याने घाम पुशीत आमच्या महाविद्यालयात येऊन त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर पंचवीस हजारांचा चेक ठेवला.

“छात्रसेनेतल्या पोराले एक फिरती ढाल द्या. पोरगी असन तं पोरीले द्या. पण उडाच्या नादाचं कोणी असलं पाह्यजे.”

प्राचार्यांनी आनंदाने विचारले, “ढालीला नाव आपलेच देऊ ना?”

“माह्यं कायले? मी इंजिनाले तेल पाजलं. उडले ते दुसरेच. लढाईत उडला असन अशा कोणाचं नाव द्या.”

एवढे बोलून ते गेले, आणि नाव ठरविण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. तीत माझी वर्णी लागली ती ऱ्हस्वदीर्घासाठी. महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाचा उपयोग निमंत्रणपत्रिका तपासण्यासाठी असतो, हे मी वीस वर्षांत ओळखून आहे.

खरे सांगायचे, तर या नावांच्या भानगडीकडे मी कधी गंभीरपणे पाहिले नव्हते. महाविद्यालयात असताना निबंधासाठी मला एक चषक मिळाला होता. त्यावर कोणा एका कै. गृहस्थांचे नाव होते. वर्षभर तो आमच्या फळीवर होता. आईने त्यात उदबत्त्यांचा पुडा ठेवला होता. वर्ष संपताच मी तो परत केला. ते गृहस्थ कोण, काय करीत, त्यांच्या नावाने कोणी आणि का चषक ठेवला, हे मी एकदाही विचारले नाही. आज त्यांचे नावही आठवत नाही. बक्षिसाला नाव देणाऱ्याची कल्पना अशी असते की नाव अमर झाले. प्रत्यक्षात ते उदबत्तीच्या पुड्याखाली जाते.

अमेरिकेतल्या लोकांनी यावर एक युक्ती केलेली मी वाचली. तेथे सिव्हिल एअर पेट्रोल नावाची संस्था आहे, तिच्यात मुलामुलींचे छात्रदल असते. त्यांच्या चढत्या पायऱ्यांच्या सन्मानांना बिली मिचेल, अमेलिया इअरहार्ट, ईकर, स्पाट्झ अशी नावे आहेत. शेवटचे दोघे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन विमानदलाचे सेनापती. एक पायरी ओलांडल्याशिवाय दुसरी मिळत नाही, आणि वाटेत परीक्षा द्याव्या लागतात. त्यामुळे ही नावे निदान घोकावी तरी लागतात. आमच्या ढालीला परीक्षा कोठली असणार!

समितीची पहिली बैठक चहात गेली. दुसऱ्या बैठकीत वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी एअर मार्शल अस्पी इंजिनिअर यांचे नाव काढले, आणि ते वाईट नव्हते. १९३० साली आगाखानांनी बक्षीस लावले होते: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. विशीही न गाठलेला अस्पी इंग्लंडहून निघाला, जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. वाटेत ईजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा दिला. बक्षीस अस्पीने पटकावले! पुढे तो हवाई दलात गेला, महायुद्धात डी. एफ. सी. मिळवून आला आणि १९६० ते १९६४ या काळात दलाचा प्रमुख होता. “म्हणजे बक्षिसानेच वैमानिक घडला,” असे आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे. टाटांचा प्लग विसरून कसे चालेल, असे माझे.

छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांनी मात्र एकच नाव धरले होते: ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर. हे नाव पुढे आल्यावर सगळेच सरसावून बसले. १९७१ च्या डिसेंबरात पारुळकरांचे सुखोई विमान पाकिस्तानात पडले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले. तेथे ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह त्यांनी कोठडीची भिंत आतून पोखरली, आणि १९७२ च्या ऑगस्टची १३ तारीख उजाडण्यापूर्वी तिघे बाहेर पडले. पेशावरमार्गे ते लंडी कोतलला पोहोचले. अफगाणिस्तानची सरहद्द आता काही मैलांवर. नकाशात पुढचे स्टेशन दिसत होते लंडी खाना. तेथे जायची गाडी त्यांनी विचारली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झाले होते. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या गावाला हे कोण निघाले, म्हणून लोकांना संशय आला, आणि तिघे पकडले गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात सुटून ते मायदेशी आले. पारुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले.

नाव जवळजवळ ठरलेच होते. माझ्या मनात मात्र दुसरेच एक नाव घोळत होते. ते मला मोबाइलवर, युद्धातल्या थडग्यांची निगा राखणाऱ्या आयोगाच्या नोंदींत भेटले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात वैमानिक म्हणून लढलेले हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके. कलकत्त्याच्या इंद्रलाल राय याच्या नावावर १९१८ च्या जुलैतल्या तेरा दिवसांत दहा विजय नोंदले आहेत. त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो पडला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हरदितसिंग मलिक याला सरळ प्रवेश मिळेना, म्हणून तो आधी फ्रेंचांची रुग्णवाहिका हाकीत होता. पुढे फेट्यासकट विमानात बसला, पायात गोळ्या घेऊन परतला आणि स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. आणि तिसरा आमच्या मुंबईचा. श्रीकृष्ण त्याचे नाव. केंब्रिजला शिकलेला. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये तो डॉल्फिन विमान चालवीत असे. १९१८ च्या जूनअखेरीस गस्तीवर गेला तो परतला नाही. जर्मनांच्या हद्दीत जखमी होऊन पडला आणि दोन-चार दिवसांत गेला. जर्मनांनी त्याला मानाने पुरले, पण थडग्यावर नाव लिहिताना अक्षरे अशी बिघडली की ते कोणाचेच नाव राहिले नाही. युद्ध संपले, विजयोत्सव झाले, आणि मुंबईत त्याच्या घरच्यांना आपला मुलगा कोठे निजला आहे हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. आज फ्रान्सच्या सोम परगण्यात हँगार्डच्या स्मशानात त्याच्या थडग्यावर त्याचे बरोबर नाव आहे.

मी हे सांगितल्यावर इतिहासाचे सहकारी शांतपणे म्हणाले, “त्या थडग्यावर साम्राज्याचा शूर पुत्र म्हणूनही लिहिले आहे. तेही सांगा ना.”

तसे लिहिले आहे खरे. आक्षेप रास्त होता. तो मुलगा ज्यांच्यासाठी मेला, त्यांनी वर्षभराच्या आत जालियनवाला बाग केली. आपल्या पोरांपुढे हा आदर्श ठेवायचा का? मी म्हटले, १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते. टिळकांचे म्हणणे एवढेच होते की आमची पोरे घेता तर त्यांना अधिकारपदेही द्या. विमानात बसलेला हिंदी तरुण हे त्या मागणीचे चालतेबोलते उत्तर होते. आपले स्वतःचे हवाई दल स्थापन व्हायला त्यानंतर १९३२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. सहकाऱ्यांना हे पटले नाही. मलाही सगळे पटले होते असे नाही. दुसऱ्याच्या झेंड्याखाली दाखवलेल्या धैर्याचे काय करायचे, हा प्रश्न समितीच्या चहात सुटणारा नव्हता.

शेवटी चेक ज्यांचा, त्यांनाच बोलावले. म्हाताऱ्याने दोन्ही कथा मान खाली घालून ऐकल्या. बराच वेळ गेला.

“पारुळकर साहेबाईले इसराले लोकाईले अजून वेळ आहे,” ते म्हणाले. “ह्या पोराले कोण पुसते जी? ह्याचंच टाका.”

इतिहासाच्या सहकाऱ्यांनी आपला विरोध कार्यवृत्तात नोंदवून घेतला. ते योग्यच झाले.

आता माझे खाते सुरू झाले. इंग्रजी नोंदीतले आडनाव मराठीत कसे लिहायचे? वेलिंगकर लिहावे, तर इंग्रजीत ‘ग’ कोठे आहे? शेवटी आठ दिवस स्वतःशी वाद घालून मी ‘वेलिणकर’ ठरवले. त्याने स्वतः जी अक्षरे वापरली त्यांच्याजवळ राहावे, आपले ज्ञान त्याच्यावर लादू नये, एवढाच हिशेब. कागदावर ठळक लिहून तो कागद चंद्रपूरच्या एका नाव कोरणाऱ्याकडे पाठवला. ढाल आली. सागवानी फळी, पितळेचा पत्रा, वर पंख. प्राचार्यांनी पाहिली, समितीने पाहिली, मी चष्मा लावून पाहिली. सुरेख झाली होती.

यंदाची मानकरी होती आमच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी. बाप धानाचा शेतकरी. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पास झाली, पुढे खर्च झेपेना म्हणून आमच्याकडे आली. २०१६ च्या जूनमध्ये तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या, तेव्हा ही प्राथमिक शाळेत होती; त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो तिने अजून वहीत ठेवला आहे. हवाई दलाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज तिला याच वर्षी भरायचा होता, आणि तो अडला होता. तिच्या आडनावातले एक इंग्रजी अक्षर दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आहे आणि आधार कार्डावर दुसरे. कोणा लिहिणाऱ्याचे बोट चुकले असेल. त्या एका अक्षरापायी तीन वेळा चंद्रपूर झाले, शपथपत्र झाले, दोन टेबलांनी एकमेकांकडे पाठवून झाले.

समारंभाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीला तिच्या हाती ढाल दिली. तिने सलाम ठोकायचा सोडून पत्रा वाचायला सुरुवात केली.

“सर, इथं वेलांटी नाही.”

मी पाहिले. ‘वेलणकर’! पाच जणांच्या समितीने, त्यात एक मराठीचा एम. ए., तो पत्रा हातात धरून वाखाणला होता. मी तिथल्या तिथे चंद्रपूरला फोन लावला. कोरणारा भला माणूस होता. तो अभिमानाने म्हणाला, “सर, तुमच्या कागदावर ती वेलांटी चुकून पडली होती. मीच काढून टाकली. वेलणकर माझ्या ओळखीचे आहेत.”

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कोणा जर्मन शिपायानेही असेच काहीतरी केले असेल. वाईट हेतूने नव्हे.

पत्रा परत गेला. समारंभ ढालीशिवाय झाला. मुलीने रिकामे हात पुढे केले आणि प्राचार्यांनी त्यांत पुष्पगुच्छ ठेवला. म्हातारे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, उभे राहून सलाम केला. तिनेही त्यांना केला. मी त्या मुलाची गोष्ट मुलांना सांगितली. मागच्या रांगांत चुळबुळ चालू होती, पण एका मुलाने नंतर येऊन विचारले, “सर, त्याची आई कधी तिकडं गेली का, थडगं पाहाले?” मी शोधून सांगतो म्हटले.

दसऱ्यानंतर ढाल दुरुस्त होऊन आली. वेलांटी आपल्या जागी होती. खाली पहिल्या ओळीत आता मानकऱ्याचे नाव कोरायचे होते, म्हणून मी तिला बोलावून कागद पुढे केला. म्हटले, बाई, तुझे नाव तूच लिही. मी आता कोणाच्या अक्षराला हात लावणार नाही. तिने सावकाश लिहिले, एकदा वाचले, मग म्हणाली, “मराठीत माझं नाव एकच आहे, सर.”

इंग्रजीतले अजून दोन आहेत. सोमवारी सकाळच्या गाडीने ती चौथ्यांदा चंद्रपूरला निघाली आहे. ढालीचा पत्रा तीच पिशवीतून नेणार आहे. म्हाताऱ्यांनाही डोळे दाखवायला जायचेच होते. तेही बरोबर जातो म्हणाले.