नियोजन : सहलीचे आणि समाजाचे

केंद्रीय नियोजन ही कालबाह्य कल्पना आहे, असे म्हणत ज्या वर्गाने २०१५ च्या आरंभी योजना आयोगाच्या विसर्जनाला टाळ्या वाजवल्या, त्या वर्गाचे स्वतःचे नियोजन मात्र पाहण्यासारखे असते. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआच्या किनाऱ्यालगत, राजा अंपात नावाचा द्वीपसमूह आहे. आठ-दहा दिवस बोटीवरच मुक्काम करायचा आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ पाहायला पाण्याखाली उतरायचे, अशी ‘लिव्हअबोर्ड’ सहल आपल्याकडील सुखवस्तू मंडळीही आता आखू लागली आहेत. जागा वर्षभर आधी राखून ठेवावी लागते. ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम, जाकार्ता किंवा मकास्सरहून सोरोंगचे विमान, आजवरच्या बुड्यांची नोंदवही, आणीबाणीचा विमा, शेवटच्या बुडीनंतर शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून विमानात बसण्यापूर्वी राखायचे अठरा ते चोवीस तास. यातले काहीही बाजाराच्या अदृश्य हातावर सोडलेले नसते. पंचवार्षिक योजनांच्या कर्त्यांनीही हेवा करावा असा हा आराखडा! त्यात एकच रकाना रिकामा राहतो : ज्यांच्या दारात ही बोट उभी राहते त्या माणसांचा.

पाहुणा डॉलर मोजतो म्हणूनच प्रवाळ वाचले, असे यावर सांगितले जाते. हे सर्वस्वी खोटे नाही. परदेशी पाहुण्याकडून प्रवेशशुल्क घेतले जाते आणि त्यातून संरक्षित क्षेत्राच्या गस्तीला पैसा मिळतो. जिवंत मांता मासा मेलेल्या मांतापेक्षा अधिक कमाई करून देतो, हा हिशेब इंडोनेशियाने २०१४ मध्ये मांताला देशभर संरक्षण दिले तेव्हा उपयोगी पडला. परंतु संरक्षणाचा शोध पाहुण्याने लावलेला नाही. समुद्राचा एखादा पट्टा ठरावीक काळ मासेमारीला बंद ठेवायचा आणि गावाच्या संमतीने पुन्हा खुला करायचा, ही ‘सासी’ची रीत तेथील गावांत डॉलर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. नियोजन म्हणतात ते यालाच. ते गावाचे आहे, म्हणून त्याला ‘परंपरा’ म्हणून बाजूला सारायचे आणि सहल-कंपनीच्या वेळापत्रकाला ‘व्यवस्थापन’ म्हणायचे, हा निव्वळ बुद्धिभेद आहे.

आता पैशाची वाट पाहावी. या बोटींपैकी पुष्कळशा लाकडी ‘फिनिसी’ असतात. दक्षिण सुलावेसीच्या सुतारांच्या ज्या जहाजबांधणीचा २०१७ मध्ये युनेस्कोने गौरव केला, त्याच घाटाच्या. एकेकाळी बेटाबेटांत माल वाहणारे हे गलबत आता वातानुकूलित खोल्या वाहते. माणशी रोजचे भाडे काहीशे डॉलर. ते बहुधा परगावच्या, पुष्कळदा परदेशातल्या कचेरीत जमा होते. शिधा सोरोंगला चढतो. निजणे, जेवणे, बुडी मारणे सारे बोटीवरच होत असल्याने गावात उतरण्याचे कारणच उरत नाही; उतरलेच तर तासाभराच्या फेरफटक्यापुरते. गावाचे पाणी वापरायचे आणि गावाला वळसा घालायचा, हे या धंद्याचे अर्थशास्त्र आहे. याच बेटांवर पापुआन कुटुंबांनी स्वतः चालवलेली, पाण्यावर खांब रोवून बांधलेली पाहुणघरे आहेत. बोटीवरच्या एका दिवसाच्या भाड्यात तेथे आठवडाभर राहणे-जेवणे होते आणि प्रवाळ तेच दिसते. तेव्हा प्रश्न पाहुण्याने यावे की येऊ नये हा नसून, त्याने कोणाच्या घरी उतरावे हा आहे.

पर्यटनाच्या पैशाने समुद्र आपोआप राखला जातो, हा भ्रमही एकदा सोडावा. मार्च २०१७ मध्ये पक्षी पाहून परतणाऱ्या हौशी प्रवाशांचे एक क्रूझ जहाज क्री बेटाजवळ ओहोटीत प्रवाळावर चढले. पाहणीत १३,५०० चौरस मीटर प्रवाळाची नासाडी आढळली. दुसरीकडे विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना आणि गंज न चढणाऱ्या पोलादाला निकेल हवे म्हणून बेटे खणली जात होती. मोठा गदारोळ झाल्यावर जून २०२५ मध्ये पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द झाले; गाग बेटावरील पाचवी, सरकारी कंपनीची उपकंपनी, वाचली. खाण की पर्यटन, असा पेच घालणारे दोन्ही बाजूंनी भांडवलाचीच निवड पुढे करतात. १९६९ मध्ये पापुआचे भवितव्य ठरवताना सुमारे एक हजार निवडक माणसांना उभे करून ‘जनमत’ घेण्यात आले होते. त्यानंतरही निर्णयाच्या बैठकीत पापुआनाची खुर्ची मागच्याच रांगेत आहे.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालचे पर्यटन उभारण्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सुपूर्द झाली. सरकारी महामंडळ आहे एवढ्यावर निर्धास्त राहणारे साथी गाग बेट विसरतात. बुडी मारवून आणणाऱ्या होड्यांचे परवाने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना की ठेकेदाराला? तिकिटाच्या रुपयातील किती पैसे वेंगुर्ले-मालवणच्या गावांत राहणार? रापणीच्या हंगामात कोणता पट्टा बंद ठेवायचा हे कोण ठरवणार? सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी निविदा निघण्यापूर्वी, ग्रामसभेत आणि लेखी, ही उत्तरे मागून घ्यावीत.