विवाहनोंदीतला ‘वर्ण’ कुणी लिहिला? अमेरिकी काउंटीच्या दप्तरात शिरण्यापूर्वी (थ्रेड)

१९४७ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या क्लार्ककडे आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांनी विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केला. वर्णाच्या रकान्यात पेरेझ यांनी ‘गोरी’ असे लिहिले, डेव्हिस यांनी ‘निग्रो’. परवाना नाकारण्यात आला. गोऱ्या व्यक्तीने कृष्णवर्णीय, ‘मंगोलियन’ किंवा ‘मलय’ व्यक्तीशी विवाह करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बंदी होती.

पेरेझ मेक्सिकन वंशाच्या होत्या. पण कायद्याच्या लेखी मेक्सिकन म्हणजे गोरा. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर १९४८ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ही बंदी घटनाबाह्य ठरली.

आता याच राज्याच्या दक्षिण टोकाकडे, इम्पीरियल खोऱ्याकडे वळावे. येथे पेरेझ खटल्याच्या तीस वर्षे आधीपासून पंजाबी शेतकरी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह करत होते. यांतील बहुतेक जण शीख, काही मुसलमान. सरकारी कागदांवर मात्र सरसकट ‘हिंदू’. १९१७च्या कायद्याने भारतातून अमेरिकेत येण्याची वाट बंद झाली होती, त्यामुळे मायदेशातून पत्नी आणणे अशक्यच होते. क्लार्क अनेकदा वधू-वर दोघांचाही वर्ण ‘ब्राउन’ लिहीत आणि परवाना देऊन मोकळे होत. कुठे नकार मिळालाच, तर जोडपे दुसऱ्या काउंटीत किंवा शेजारच्या राज्यात जाई.

म्हणजे एकाच समाजातील स्त्री एका कचेरीत गोरी आणि सुमारे २०० मैलांवरच्या दुसऱ्या कचेरीत तपकिरी. कायदा तोच, राज्य तेच. फरक मेजामागे बसलेल्या माणसाचा.

काउंटीच्या विवाहनोंदी शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाने हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. तिथे जी नोंद हाती लागते ती जोडप्याविषयी जेवढे सांगते, तेवढेच ती लिहिणाऱ्याविषयीही सांगते. आणि नेमका हाच भाग आज बहुतेकांच्या हातून निसटतो. कारण बहुतेक जण संकेतस्थळावरच्या सूचीपाशी थांबतात. सूचीत नाव, तारीख, ठिकाण एवढेच उरते. रकाने, खाडाखोड, साक्षीदारांच्या सह्या हे सारे गळून पडते. सूची ही वाट दाखवणारी पाटी आहे. तिलाच मुक्काम मानणे हा आळस आहे.

अमेरिकेत विवाहांचे एकच राष्ट्रीय दप्तर नाही. ३,०००हून अधिक काउंट्या आणि जवळजवळ तितक्याच तऱ्हा. कुठे काउंटी क्लार्क, कुठे रेकॉर्डर, व्हर्जिनियात सर्किट कोर्टाचा क्लार्क. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर काउंटी सोडून थेट गावाच्या क्लार्ककडे जावे लागते.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे कुळाची चोपडी पाहायला गेलेल्या माणसाला आधी मूळ गाव विचारतात, मग नाव. इथेही तसेच. ‘अमेरिकेत लग्न झाले’ एवढ्यावर काही सापडत नाही. काउंटी कळली पाहिजे, तीही त्या काळातली. इम्पीरियल काउंटी १९०७ साली सॅन डिएगो काउंटीतून वेगळी निघाली. त्याच खोऱ्यातल्या १९०५ सालच्या विवाहाचा कागद म्हणून सॅन डिएगोकडे मागावा लागतो. आजच्या नकाशावर बोट ठेवून जुना कागद शोधणाऱ्यांचे कित्येक अर्ज अशा चुकीने वाया जातात.

वधूवरांचे घर जिथे, तिथेच लग्न लागले असेल असेही धरू नये. १९२७ साली कॅलिफोर्नियाने परवान्यासाठी तीन दिवस थांबण्याची अट घातली आणि घाईतली जोडपी ॲरिझोनातील युमा गाठू लागली. अशा विवाहाचा कागद कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्या पालथ्या घातल्या तरी सापडणार नाही.

मग मागायचे काय? एका विवाहामागे सहसा एकाहून अधिक कागद असतात. आधी अर्ज, मग परवाना, मग विवाह लावणाऱ्याने सही करून परत पाठवलेला भाग आणि अखेरीस नोंदवहीतील नोंद. परवाना निघाला पण परत आलाच नाही, असेही घडते. तेव्हा परवाना म्हणजे विवाह नव्हे. सर्वांत बोलका कागद बहुधा अर्जाचा असतो. जन्मस्थान, वय, आईवडिलांची नावे, आधीचा विवाह यांपैकी काही ना काही त्यात मिळते. टंकलिखित उतारा न मागता मूळ कागदाची छायाप्रत आणि अर्ज जपलेला असल्यास त्याचीही प्रत, असे पत्रात स्पष्ट लिहावे. ‘विवाह प्रमाणपत्र हवे’ एवढेच लिहिले तर तेवढेच मिळते.

कॅलिफोर्नियात प्रतींचे दोन प्रकार आहेत. अधिकृत प्रत ठरावीक नातलगांना व अधिकार असलेल्यांना, शपथेवर मिळते. इतरांना माहितीपर प्रत मिळते. ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही, पण इतिहासाला ती पुरेशी आहे. पत्र धाडण्यापूर्वी फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ मात्र जरूर पाहावे. अनेक काउंट्यांच्या जुन्या नोंदवह्यांची पाने तिथे चित्ररूपात आहेत, टपालखर्चही वाचतो.

नावांचे रूप सैल ठेवावे. ‘सिंग’ हे आडनाव समजून शेकडो असंबद्ध माणसे एका कुटुंबात कोंबली जातात, आणि त्याच नावाच्या शेवटचे अक्षर गळाले की माणूस चिनी वाटू लागतो. मानववंशशास्त्रज्ञ करेन लिओनार्ड यांनी पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांवरील १९९२च्या ग्रंथासाठी काउंट्यांची दप्तरे चाळली आणि त्यांच्या जोडीला वंशजांच्या मुलाखतीही घेतल्या. शेकडो जोडपी त्यातून उजेडात आली.

रकान्यावर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचा दाखला व्हर्जिनियात आहे. १९२४च्या वंशशुद्धी कायद्यानंतर तेथील जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी मूलनिवासी कुटुंबांना कागदोपत्री ‘इंडियन’ राहू दिले नाही. त्यांना ‘कलर्ड’ ठरवा, असे त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना बजावले. पुढे याच जमाती संघराज्याकडे मान्यता मागू लागल्या, तेव्हा सलग वंशपरंपरेचा कागद त्यांच्याकडे मागितला गेला. त्यांच्यापैकी सहा जमातींना ती मान्यता २०१८ साली संसदेने कायदा करून दिली. तोवर दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या.

आणि नोंद मिळालीच नाही तर? कॅलिफोर्नियात गोपनीय विवाहाची तरतूद १८७८पासून आहे. त्याची प्रत त्या दोघांखेरीज इतरांना न्यायालयाच्या आदेशाविना मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोची कितीतरी दप्तरे १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. शोध निष्फळ ठरला तर कॅलिफोर्नियातील कार्यालय शुल्क ठेवून घेते आणि ‘नोंद आढळली नाही’ असा दाखला देते. तो फेकू नये. कोणती नावे, कोणती वर्षे, कोणती काउंटी तपासली, हे त्यावर टिपून ठेवावे आणि पुढचे पत्र शेजारच्या काउंटीला लिहावे.